डब्याला डबा

लहान कचेरीतलं नेटवर्क कुणी आखत नाही, ते आपोआप वाढत जातं. सुरुवातीला चार काउंटर असतात, आठ पोर्टांचा एक स्विच पुरतो. पुढे कर्ज विभाग वरच्या मजल्यावर जातो, प्रिंटर येतो, हजेरीचं यंत्र येतं, कॅमेरे येतात. पोर्ट संपले की कुणीतरी बाजारातून आणखी एक डबा आणतो आणि मोकळ्या दिसेल त्या पोर्टात वायर खुपसतो. दिवे लागतात, काम सुरू होतं. काय कशाला जोडलं आहे, हे मात्र त्यानंतर कुणालाच सांगता येत नाही. आज तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेतल्या लोकांच्या ठेवी, शाळेतले निकाल आणि दवाखान्यातले रिपोर्ट याच डब्यांमधून जातात, आणि तिथे पगारावर नेटवर्कचा माणूस नसतो. म्हणून डबे कसे जोडायचे हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

खालचा संवाद मी रचला आहे. मामा जन्मभर टेलिफोन खात्यात केबल आणि एक्स्चेंज सांभाळून निवृत्त झालेले, आता एका पतसंस्थेचे संचालक. भाची पुण्यात लहान कचेऱ्यांची नेटवर्कं उभारते. संस्थेत वीसेक संगणक, दोन मजले, आणि अंगणापलीकडे जुन्या कागदपत्रांची वेगळी इमारत. दोघांची मतं जुळत नाहीत, आणि दोघांनाही आपल्या कामाची पक्की जाण आहे.

मामा : हा सोळा पोर्टांचा हब बघ. इतकी वर्षं झाली, एकदाही कुरकुरला नाही. आता आठ-आठ पोर्टांचे दोन स्विच आणलेत. ते याला जोडून टाक, काम संपलं.

भाची : कुरकुरला नाही हे खरं. पण हा काय करतो ते बघ. एका पोर्टातून आलेला सिग्नल तो उरलेल्या पंधराही पोर्टांतून बाहेर टाकतो. कुणासाठी आहे ते बघत नाही, त्याला बघताच येत नाही. तो नुसता रिपीटर आहे.

मामा : रिपीटर मला नको शिकवूस. लांबच्या लाईनवर रिपीटर सांभाळण्यात उमेदीची वर्षं गेली माझी.

भाची : मग तुला चटकन कळेल. रिपीटर सिग्नल ताजा करतो, पण लाईन एकच राहते. हबवरचे सोळाही संगणक एकाच तारेवर बसलेले असतात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. दोघं एकदम बोलले की टक्कर होते. मग दोघंही गप्प होतात, प्रत्येक जण आपापला अंदाजपंचे निवडलेला वेळ थांबतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. अशा सोळा खेपा फसल्या की नेटवर्क कार्ड त्या फ्रेमचा, म्हणजे त्या एका निरोपाचा, नाद सोडून देतं.

मामा : म्हणजे पार्टी लाईन. पण आमच्याकडे माणसं कंटाळून फोन ठेवायची, यंत्रं कंटाळत नाहीत. चालतंय तर चालू दे.

भाची : चार काउंटर आणि हलकं काम होतं तोवर चाललं. आता कॅमेरे धर. एकेका कॅमेऱ्याचे ४ एमबीपीएस धरले, तर सोळा कॅमेऱ्यांचे ६४ झाले. १०० एमबीपीएसचा हब सगळ्यांत मिळून एकच १०० देतो, त्यातले बरेचसे टकरींत जातात. काउंटरवर पासबुक छापायला बाई उभ्या राहतील आणि त्यांचा आकडा कॅमेऱ्यांच्या गर्दीत अडकेल.

मामा : बरं. पण पूर्वी तर लोक हबला हब जोडायचे. मी स्वतः पाहिलंय.

भाची : जोडायचे, पण मोजून. १० एमबीपीएसच्या काळात नियमच होता. कुठल्याही दोन संगणकांच्या मधे वायरचे जास्तीत जास्त पाच तुकडे आणि चार हब. पाचवा हब लावला की नेटवर्क बंद पडायचं नाही, पण मधेच हरवल्यासारखं वागायचं, आणि कारण सापडायचं नाही.

मामा : सिग्नल क्षीण होतो म्हणून?

भाची : नाही, हब तर तो ताजा करतो. प्रश्न वेळेचा आहे. इथरनेटची सगळ्यात लहान फ्रेम ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिटची. १० एमबीपीएसला ती पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. टक्कर झाली तर ती पाठवणाऱ्याला बोलणं चालू असतानाच ऐकू यायला हवी. एकदा फ्रेम पाठवून झाली की तो समजतो, पोचली. म्हणजे सगळ्यात दूरच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला त्याच्या आत वेळ मिळाला पाहिजे. प्रत्येक हब आणि प्रत्येक मीटर वायर त्यातला थोडा वेळ खाते.

मामा : आणि वेग दहापट केला की वेळ दहावा हिस्सा उरतो.

भाची : ५.१२ मायक्रोसेकंद. म्हणून १०० एमबीपीएसला काही प्रकारचे हब एकाला एक जोडताच येत नाहीत. दुसऱ्या प्रकारचे फार तर दोन, आणि त्या दोघांच्या मधली वायर पाच मीटरची. इकडे शंभर, तिकडे शंभर, मधे पाच, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २०५ मीटर. तुझ्या या हबला मी दुसरा हब वरच्या मजल्यावर लावला असता, तर मधली वायर पाच मीटरच्या बाहेर गेलीच असती.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण शंभर मीटर आणि २०५ मीटर हे दोन आकडे लोक एकमेकांत मिसळतात. शंभर मीटर ही तांब्याच्या एका सलग वायरची मर्यादा आहे, आणि ती हबला जशी लागू तशी स्विचलाही लागू. २०५ मीटर ही सगळ्या हबांनी मिळून वाटून घेतलेल्या एका तारेची मर्यादा आहे. पहिली वायरमनने पाळायची. दुसरी आखणाऱ्याने पाळायची असते, आणि लहान गावात आखणारा कुणी नसतो.

मामा : मग स्विच काय वेगळं करतो? दिसायला तर सारखाच डबा.

भाची : स्विच ऐकतो, लिहून ठेवतो आणि मग पुढे पाठवतो. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटचा एक पत्ता असतो. कुठल्या पोर्टातून कुठला पत्ता बोलला, याचा तक्ता स्विच स्वतःच भरतो. पुढच्या वेळी त्या पत्त्याची फ्रेम आली की ती फक्त त्याच पोर्टातून बाहेर पडते. माणूस बोलायचा थांबला की थोड्या वेळाने नोंद पुसली जाते, साधारण पाच मिनिटांनी. १९९० साली कल्पना नावाच्या कंपनीने सात पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. ती काढणाऱ्यांतले एक विनोद भारद्वाज, भारतीय वंशाचे. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली.

मामा : म्हणजे एक्स्चेंजच की! मागणीप्रमाणे जोडून देणारं.

भाची : जवळजवळ. आणि मुख्य म्हणजे स्विचचं प्रत्येक पोर्ट ही स्वतंत्र तार असते, टकरीचं क्षेत्र तिथे संपतं. दोन्ही बाजूंना एकदम बोलता येतं, मग टक्कर उरतच नाही. म्हणून चार हबांचा, पाच मीटरचा, असले सगळे हिशोब स्विचच्या पलीकडे नव्याने सुरू होतात.

मामा : मग हब स्विचच्या एका पोर्टात लटकवला तर काय बिघडतं?

भाची : जोडायला हरकत नाही, चालेल. फक्त ते पोर्ट एका वेळी एकाच दिशेने बोलेल, कारण हबला दोन्ही बाजूंनी बोलता येत नाही. स्विचला आपोआप ओळखू दिलं तर तो तसं ओळखतो. पण कुणी उत्साहाने त्या पोर्टावर फुल डुप्लेक्स, म्हणजे दोन्ही दिशांनी एकदम बोलणं, ठोकून बसवलं की घोटाळा. स्विच कधीही बोलतो, हब त्याला टक्कर समजतो, आणि पिंग केलं तर सगळं ठीक दिसतं. मोठी फाईल पाठवली की रडायला लागतं. हा बिघाड शोधायला माणसं आठवडे घालवतात.

मामा : तू हब काढायचंच ठरवून आलीस.

भाची : हो. आणि त्याला वेगापेक्षा मोठं कारण आहे. हबवर प्रत्येकाचं बोलणं प्रत्येकाच्या दारात जातं. हजेरीच्या यंत्राशेजारी कुणी लॅपटॉप लावला तर खातेदारांचा व्यवहार त्याच्या वायरीत येऊन पडतो. संस्थेच्या पैशाच्या वाटेवर हब मी ठेवणार नाही. तो माझ्या अवजारांच्या पेटीत ठेवीन. दोन यंत्रांमधे काय बोलणं चाललंय ते ऐकायला साध्या स्विचपेक्षा हबच कामाचा.

मामा : ठीक. हबचं मी मान्य करतो. आता माझं ऐक. तू वरच्या मजल्याचा स्विच खालच्या स्विचला, आणि कर्ज विभागातला त्या वरच्याला, अशी माळ लावायची म्हणतेस. ते मला पटत नाही. प्रत्येक वायर एका जागी आली पाहिजे. आमच्याकडे एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या मुख्य चौकटीवर, प्रत्येक ग्राहकाच्या तारांची जोडी येऊन टेकायची. जंपर ओढला की माणूस जोडला, काढला की सुटला.

भाची : मामा, तुमच्याकडेही मधे रस्त्यावरचा पिलर होता, खांबावरचा डीपी होता. सगळे ग्राहक थेट एक्स्चेंजला थोडेच येत होते?

मामा : इथेच तू चुकतेस. पिलरमधे आम्ही जोड्या जोडत होतो, मिसळत नव्हतो. ग्राहकाची जोडी त्याच्या घरापासून एमडीएफपर्यंत त्याचीच. शेजाऱ्याचं बोलणं तिच्यात कधी शिरत नव्हतं. तुझ्या माळेत मात्र शेवटच्या डब्यावरचे आठ जण मधल्या एका वायरीतून जातात.

भाची : खरंय. ती वायर वाटून घेतलेली असते. पण ती किती मोठी आहे ते बघ. गिगाबिट स्विचांच्या मधली वायर १००० एमबीपीएसची. काउंटरवरचं खातेवहीचं काम ५ एमबीपीएससुद्धा सतत खात नाही. आणि वेळ म्हणशील, तर गिगाबिटला पूर्ण आकाराची फ्रेम एका स्विचमधून जायला साधारण १२ मायक्रोसेकंद. चार स्विच ओलांडले तरी ५० मायक्रोसेकंदांच्या आसपास. माणसाला कळतही नाही. उलट प्रत्येक टेबलापासून खालपर्यंत वायर ओढायची म्हणजे स्लॅबला भोकं, केसिंग-कॅपिंग, दोन बंडलं जास्त. ते पैसे मी बॅकअपमधे घालीन.

मामा : पैशाचं बोलतेस तर अडॅप्टरचं बोल. प्रत्येक डब्याला एक अडॅप्टर. तो कुठे लागतो? टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डात. सफाईवाल्या मावशींनी फरशी पुसताना बोर्ड हलवला की मधला डबा मेला, आणि त्याच्या पुढची सगळी माणसं मेली. त्यांना वाटतं सर्व्हर बंद. मॅनेजर पुण्याला फोन लावतो. सगळं एका रॅकमधे असेल तर एक यूपीएस, एक कुलूप, आणि बिघाड कुठे आहे हे उभ्या उभ्या दिसतं.

भाची : हा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

मामा : आणि बिघाड शोधायचा तर? माळेत शेवटचा माणूस तक्रार करतो तेव्हा मला चार डबे, चार अडॅप्टर, आठ टोकं तपासावी लागतात. रॅकमधे एक वायर, दोन टोकं.

या ठिकाणी मी मामांच्या बाजूचा आहे, आणि आडून नाही, उघडपणे. भाचीचं गणित अचूक आहे. वीस संगणकांची गिगाबिटची माळ वेगाला कमी पडत नाही. पण ही संस्था वेगामुळे कधी अडणार नाही, अडली तर माणूस नाही म्हणून अडेल. दुरुस्तीला येणारा दुसऱ्या गावाहून एसटीने येतो. त्याने दारात उभं राहून एका नजरेत सगळं पाहावं, अशीच रचना हवी. भाची ज्या दोन बंडलांचा हिशोब मांडते, त्यांचा खर्च एकदाच होतो. माळेतला शोध दर वेळी नव्याने करावा लागतो.

भाची : मग मधला मार्ग. खाली रॅकमधे २४ पोर्टांचा मुख्य स्विच. वर एकच स्विच, तोही भिंतीवरच्या लहान रॅकमधे, यूपीएसवर, आणि तो थेट मुख्य स्विचला. दुसरा कुठलाही डबा त्या वरच्याला लटकवायचा नाही. खोलीत पोर्ट कमी पडले तर रॅकपर्यंत नवी वायर. टेबलाखाली एकही डबा नाही.

मामा : हे चालेल. आणि वर-खाली दोन वायरी टाक. एक तुटली तर दुसरी. आम्ही महत्त्वाच्या गावांना नेहमी दुसरा मार्ग ठेवायचो.

भाची : नाही! साध्या स्विचमधे ते करू नकोस.

मामा : का? जास्त रस्ते म्हणजे जास्त सुरक्षित.

भाची : टेलिफोनमधे. इथरनेटमधे काही फ्रेमा सगळ्यांसाठी असतात, 'हा आयपी पत्ता कुणाचा?' असं विचारणाऱ्या. स्विच त्या सगळ्या पोर्टांतून पुढे टाकतो. दोन वायरी असल्या की एकीतून वर गेलेली दुसरीतून खाली येते, पुन्हा वर जाते. आयपीच्या पाकिटावर किती टप्पे उरले याचा आकडा असतो, दर टप्प्याला कमी होतो आणि शून्यावर पाकीट मरतं. इथरनेटच्या फ्रेमवर असा आकडाच नाही. ती कधीच मरत नाही, उलट तिच्या प्रती वाढत जातात. काही सेकंदांत सगळे दिवे एकसाथ फडफडायला लागतात आणि खऱ्या कामाला जागा उरत नाही. दिवाळीच्या साफसफाईनंतर कुणी सुटी दिसलेली पॅच कॉर्ड नीटनेटकी म्हणून भिंतीच्या सॉकेटात खोचली, तरी हेच होतं.

मामा : मग मोठ्या ठिकाणी दुसरा मार्ग ठेवतच नाहीत?

भाची : ठेवतात. १९८५ साली डीईसी कंपनीत रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. स्विच आपसात ठरवतात, मुळाशी कोण, आणि जादा वायरी मुद्दाम झोपवून ठेवतात. चालू वायर तुटली की झोपलेली उठते. १९९० साली त्याचं आयईईई मानक आलं, ८०२.१डी. त्यात दुसरी वायर उठायला ३० ते ५० सेकंद लागायचे. २००१ साली जलद आवृत्ती आली, तिच्यात हे काम थोड्या सेकंदांत होतं. पण त्यासाठी सेटिंग बदलता येणारा, मॅनेज्ड स्विच हवा, बाराशे रुपयांचा साधा डबा नाही.

मामा : आणि ते पद्धतशीर लावलं की झालं?

भाची : तिथेही माळ नडते. नोव्हेंबर २००२ मधे बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयाचं नेटवर्क सुमारे चार दिवस कोलमडलेलं होतं. डॉक्टर, नर्सेस पुन्हा कागदावर आले. वर्षानुवर्षं डब्याला डबा जोडत गेल्यामुळे स्पॅनिंग ट्रीचा हिशोब ज्या खोलीपर्यंत धरलेला असतो, म्हणजे सात टप्पे, ती ओलांडली गेली होती. त्यांच्या माहिती विभागाचे प्रमुख जॉन हालाम्का यांनी हे सगळं पुढे उघडपणे सांगितलं, म्हणून बाकीच्यांना शिकता आलं.

मामा : म्हणजे माझी गोष्ट खरी. माळ नको.

भाची : सात डब्यांची नको. तुला दुसरी वायर हवीच असेल तर टाकूया, दोन्ही टोकांना चिठ्ठी लावूया आणि वरचं टोक लावायचंच नाही. पहिली तुटली की माणसाने हाताने लावायची.

मामा : ते मला आवडलं. आणि मॅनेज्ड स्विच नकोच. उद्या तू परदेशी गेलीस तर पासवर्ड कुणाला विचारू?

भाची : मामा, मला तो मुख्य जागी हवा आहे. कॅमेरे काउंटरच्या संगणकांपासून वेगळे ठेवायचे आहेत. व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमधे वेगळी नेटवर्कं, केल्याशिवाय ते होत नाही. शिवाय मघाशी सांगितला तसा वायरींचा वळसा पडला तर तो पोर्ट बंद करतो, कुठलं पोर्ट ते सांगतो.

मामा : कॅमेऱ्यांना वेगळा साधा स्विच दे. रेकॉर्डरला फक्त तोच. दोन नेटवर्कं, मधे वायरच नाही. याहून वेगळं काय करशील?

भाची : आणि मॅनेजरला त्याच्या टेबलावर कॅमेरे बघायचे असले तर?

मामा : उठून रेकॉर्डरपाशी जाईल.

भाची : जाणार नाही, मामा. दोन महिन्यांत कुणीतरी मधे वायर टाकेल, आणि ती कुठे टाकली हे तुलाही कळणार नाही.

मामा : मग पासवर्ड लाखबंद पाकिटात, तिजोरीत. दुसरी प्रत सचिवांकडे. पाकीट फोडलं की तारीख आणि सही.

भाची : कबूल. आता ती मागची इमारत. तिथे वायर वरून टांगून न्यायची म्हणालास.

मामा : पन्नास मीटरही नाही. आणि एकाच केबलमधे दोन जोड्या संगणकाला, दोन फोनला. अशी कामं मी शेकड्याने केलीत.

भाची : १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरायच्या, ते दिवस गेले. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. दोन दिल्यास तर जोडणी लागेलच असं नाही, नशीब असेल तर १०० वर उतरून चालेल. पण मुख्य भीती दुसरी आहे. वळीव.

मामा : वीज. हो. एमडीएफवर प्रत्येक जोडीला विजेचा झटका जमिनीत उतरवणारी जीडी ट्यूब असायची. एप्रिल-मे आला की आम्ही आधी त्या तपासायचो.

भाची : इथे तशी काही सोय नाही. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी. जवळ वीज पडली की त्या दोन जमिनींच्या दाबातला फरक तांब्यातून धावतो, आणि मुख्य स्विचची पोर्टं जातात. फायबर टाकूया. काचेतून वीज वाहत नाही. दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर. फक्त फायबर आत लोखंडी तार नसलेलं घ्यायचं, नाहीतर आपणच विजेला वाट करून देऊ.

मामा : यावर माझा वाद नाही. हे मी तुझ्याआधी सांगायला हवं होतं.

भाची : आणि केबलचं बंडल घेताना तांब्याचंच घे. दुकानात स्वस्त मिळतं ते आत अॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. क्रिम्पिंग करताना तुटतं, आणि कॅमेऱ्याला त्याच वायरीतून वीज द्यायची तर तापतं.

मामा : चाकूने खरवडून बघतो मी. पांढरं निघालं की बंडल दुकानदाराच्या टेबलावर परत.

भाची : मग पॅच पॅनेलवर आकडे कसे घालायचे? मी खोलीप्रमाणे घालते. त-१, त-२ तळमजला, व-१, व-२ वरचा.

मामा : खोल्या बदलतात. कर्ज विभाग उद्या खाली येईल. आकडा सॉकेटाचा असू दे, भिंतीतला, जो हलत नाही. कोण कुठे बसतं ते वहीत. वही रॅकच्या दाराला आतून बांधून ठेवायची, दोरीने.

भाची : वही कोण भरणार?

मामा : जो वायर लावेल तो. मी पहिली सहा पानं भरतो. शनिवारी काउंटर बंद झाल्यावर तू एकेक वायर काढ, मी वर थांबतो आणि कुठला दिवा विझला ते ओरडून सांगतो.